मागे

दोन माग विकले तेव्हा शेडमध्ये
दोन मागांएवढी जागा झाली.
नायनानं ती पावलांनी मोजली
आणि शहाबादी फरशीवर खडूनं
एक गाडी काढली.
छप्पर नव्हतं तिला.
अम्मा विडीचं पान कातरत म्हणाली,
सोलापुरात? उघडी गाडी? वैशाखात?
भाजायला शेंगा नाहीत का घरात?

पुढच्या मंगळवारी सांगाडा आला,
कुठल्याशा जीपचा, हातगाडीवर आडवा,
चार हमाल, मागनं अख्खी गल्ली.
इंजिन एका म्हाताऱ्या अँबेसिडरचं,
वीस वर्षं अक्कलकोटकडचे नवरदेव वाहिलेलं.
पत्रा शेंगतेलाच्या पिंपांचा,
ठोकून ठोकून गोलाईला आणला,
तरी दुपारी दार तापलं
की शेडभर फोडणीचा वास.

माझं काम बॅटरी धरायचं.
"इटु पट्टु," नायना गाडीखालून म्हणायचा,
इकडं धर.
मी इकडं धरायची.
त्याचं इकडं माझ्या तिकडं असायचं.
असं करत करत मला
अंधारात नुसत्या वजनावरनं
पाना कितीचा ते कळू लागलं.
शाळेत तेराचा पाढा अडायचा.
तेराचा पाना कधीच नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते खोकत.
नायना डोळे मिटून उभा राहिला.
तीस वर्षं जॉबर होता तो.
शंभर मागांच्या खडखडाटात
एक धोटा अडखळला
तर तोंडातलं पान थुंकून
नेमका त्या मागाकडं चालू लागायचा.
"तिसरा उशिरा पेटतोय," म्हणाला.
बंदेनवाज मिस्त्री हसला, मीटर लावू की ओ.
लावला.
तिसराच.

रेडिएटरच्या तोंडाला जाळी मिळेना.
माळ्यावर एक फणी होती,
विकायची राहून गेलेली,
जिच्या तारांतून एवढी वर्षं
चादरींचा ताणा गेला.
मधोमध कापून दोन तुकडे
एकावर एक बसवायचे ठरले.
कापताना करवत थांबली.
मला वाटलं पातं अडकलं.
बराच वेळ थांबली.
आता त्या तारांतून नुसती हवा जाते.

रंग अम्मानं निवडला.
विडीच्या दोऱ्याचं रीळ
रंगाच्या दुकानात नेऊन ठेवलं काउंटरवर:
हाच. ह्याच्याहून फिका नको, गडद नको.
पैसे पण तिचेच,
किती हजार विड्यांचे ते तिनं सांगितलं नाही,
आम्ही मोजले.

रिव्हर्स पडेना.
चारदा गिअरबॉक्स उतरवला, चारदा चढवला.
नवा घ्या, मिस्त्री म्हणाला.
कितीला, नायनानं विचारलं,
आणि ते ऐकून हात पुसायला आत गेला.
म्हणून आमची गाडी मागे जात नाही.
गल्लीच्या टोकाला भिंत आली
की चिलवेरी येतात, गाजूल येतात,
लुंगी वर खोचून सात-आठ जण,
एक, दोन, हं...
उचलून तोंड फिरवून ठेवतात.
भाकरी उलथावी तसं.

नंबर नाही तिला, मिळायचाही नाही.
तेव्हा पहाटे चारला निघालो,
शिटा दोन, माणसं तिघं,
गिअर माझ्या गुडघ्यांमध्ये.
बंद मिलच्या धुराड्याखालून गेलो
तेव्हा नायनानं तिकडं पाहिलं नाही,
फक्त गिअर बदलला,
गरज नसताना.
विजापूर रोडला वारा लागला,
पहाटेचाही कोमटच,
आणि अम्माचा पदर सुटून मागे फडफडू लागला.
"धर, चाकात जाईल," नायना ओरडला.
"तुम्ही पुढं बघा," ती म्हणाली.
धरला नाही.

मग एका चढावर
आवाजात कुठं तरी
एक टाका सुटला.
नायना काही बोलायच्या आत
मी म्हटलं, तिसरा.
त्यानं मान हलवली,
गाडी कडेला घेतली
आणि या वेळी
बॅटरी स्वतःच्या हातात घेतली.